परगावी पहिले भाड्याचे घर घेताना



आपल्यातील नोकरदारांच्या हाती आता थोडी शिल्लक राहू लागली आहे. मुले पुण्याला शिकतात, तेव्हा तिथे एखादे घर घेऊन भाड्याने द्यावे असे वाटते. मीही नागपुरात बसून पुण्यात वन बीएचके घेतला. त्यात फसता फसता वाचलो, म्हणून आज येथे उभा आहे.

मध्यस्थ आपल्यातलाच होता. फोनवर 'जय भीम' म्हणाला आणि मी निम्मा विरघळलो. मोबाइलवर फोटो आले. दुसरे गिऱ्हाईक तयार आहे, दोन लाख विसार लगेच पाठवा, असा तगादा सुरू झाला. पत्नी म्हणाली, "वांगी चार वेळा उलटून पाहता आणि घर फोटोवर घेता?" दिवसभर बँकेत दुसऱ्यांच्या सह्या पडताळणारा मी, खजील झालो.

नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरून त्या सदनिकेची सूची क्रमांक दोन काढली. मालक दोन भाऊ निघाले. रात्रीच्या गाडीने पुणे गाठले, सोसायटीच्या सचिवांना भेटलो. भागप्रमाणपत्रावरही दोघांची नावे, आणि धाकट्याला विक्रीची खबरच नव्हती! शिवाय उन्हाळ्यात टँकरचे पाणी. ते फोटोत कुठून दिसणार? मी तो नाद सोडला. दोन महिन्यांनी शेजारच्या इमारतीत घर मिळाले, तेही वकिलांना कागद दाखवूनच.

सहीला जाणे जमत नसेल तर विश्वासातील माणसाला त्या एका व्यवहारापुरते कुलमुखत्यारपत्र द्यावे. मात्र विकणारा नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर घर देत असेल तर घेऊ नये. त्याने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. बांधकाम चालू असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक तपासावा.

आता हिशेब. 'भाड्यातून हप्ता जाईल' असे सगळे सांगतात. २० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे १७,३५० रुपये होतो. माझे भाडे ११ हजार. त्यातून मेंटेनन्स, मालमत्ता कर आणि घर महिनाभर रिकामे राहिले तर तेही वजा करा. वर्षाच्या हप्त्यांपैकी जेमतेम निम्मे सुटतात. उरलेले पगारातून भरण्याची ताकद असेल तरच या वाटेला जावे.

भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. नोंदणी आधारच्या साहाय्याने घरबसल्या होते.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. मध्यस्थाने विचारले, "कोणत्या समाजाचा भाडेकरू चालेल?" १९१७ साली परदेशात शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा मिळेना, पारशी धर्मशाळेतूनही बाहेर पडावे लागले. आपल्या मुलांना आजही आडनाव विचारून खोली नाकारतात. आणि तो प्रश्न आता माझ्यासमोर, घरमालक म्हणून! मी म्हणालो, "पगाराची पावती आणि आधार पाहा, बाकी काही विचारू नका."

सध्या तिथे नोकरी करणाऱ्या दोन मुली राहतात, भाडे पाच तारखेच्या आत येते. स्वयंपाकघरातला नळ गळतो आहे, त्यासाठी पुढच्या आठवड्यात जाणार आहे. कुणाला विसारपावती व कराराचा नमुना पाहायचा असेल, तर रविवारी वंदनेनंतर मी विहारात असतो. जय भीम!