घरच्या माणसांसाठी जुनी ग्रान तुरिस्मो

इटालियन भाषेतील 'ग्रान तुरिस्मो' या शब्दांचा सरळ अर्थ थोरला प्रवास. सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडमधील सधन घराण्यांतले तरुण शिक्षणाची सांगता म्हणून फ्रान्स-इटलीचा दीर्घ प्रवास करीत, त्यालाही असेच नाव होते. मोटारींच्या जगात हे नाव अशा गाडीला मिळाले, की जी वेगाच्या बाबतीत शर्यतीच्या गाडीशी नाते सांगते, पण दिवसभर धावूनही आतल्या माणसाला शिणवीत नाही. १९५१ साली निघालेली लान्चिया कंपनीची 'ऑरेलिया बी-२० जीटी' ही या कुळातील आद्य गाड्यांत गणली जाते. त्याच वर्षी 'मिल्ले मिलिया' या इटलीतील हजार मैलांच्या शर्यतीत ती दुसरी आली.

कुळ असे मोठे; मात्र त्यात मुलाबाळांचा विचार मुळात नव्हता. दोन माणसे आणि त्यांचे बेताचे सामान, एवढाच संसार गृहीत धरलेला. पुढे गिऱ्हाइकांची लग्ने झाली, आणि कारखानदारांना मागे जागा शोधणे प्राप्त झाले. १९६० साली फेरारीने २५० जीटीई या गाडीत यंत्र सुमारे वीस सेंटीमीटर पुढे सरकवून मागे दोन बैठका बसवल्या. १९६६ साली जॅग्वारने आपली ई-टाइप त्याच कारणासाठी नऊ इंचांनी लांबवली. अशा गाड्यांना 'टू प्लस टू' म्हणतात. हे नाव मला मोठे प्रामाणिक वाटते. चार न म्हणता दोन अधिक दोन म्हणायचे. म्हणजे पुढची दोघे खरी प्रवासी आणि मागची दोघे बेरजेपुरती! मासेराती कंपनीने १९६३ साली जी ऐसपैस गाडी काढली, तिचे नाव 'क्वात्रोपोर्ते'. ऐकायला भारदस्त, पण अर्थ केवळ 'चार दारांची'. आणि श्रोतेहो, ग्रान तुरिस्मोच्या कुळातील गाडी घरासाठी निवडताना पहिला प्रश्न हाच असतो : दारे किती?

आपल्याकडे जुन्या गाड्यांच्या बाजारात या दृष्टीने पाहण्याजोगी दोन नावे आढळतात. बीएमडब्ल्यूची 'थ्री सीरीज ग्रान तुरिस्मो' २०१४ साली भारतात आली, आणि 'सिक्स सीरीज ग्रान तुरिस्मो' २०१८ साली. दोन्हींची जुळणी चेन्नईच्या कारखान्यात होत असे. शर्यतीशी त्यांचा संबंध दूरचा, हे शुद्धतावाद्यांचे म्हणणे मला मान्य आहे. परंतु थोरल्या प्रवासाशी जवळचा. पहिलीच्या पुढच्या व मागच्या आसांतील अंतर त्याच मालिकेतील साध्या गाडीपेक्षा अकरा सेंटीमीटरांनी अधिक आहे, आणि ती वाढ मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांना जाणवते. बैठकही थोडी उंच. ज्या घरात आजी आहे, त्या घराला या उंचीचे मोल सांगावे लागत नाही. ठेंगण्या गाडीत बसणे एक वेळ जमते. खरी परीक्षा बाहेर पडताना होते.

अशा गाड्या आज मूळ किमतीच्या निम्म्यात किंवा त्याहूनही कमीत मिळतात, आणि धोका नेमका येथेच आहे. गाडीची किंमत वर्षागणिक उतरते. तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. 'सिक्स सीरीज'च्या मागल्या बाजूस पोलादी स्प्रिंगांऐवजी हवेचे फुगे आहेत. ते जीर्ण झाले, की गाडी रात्रीतून एका अंगाला बसते, आणि दुरुस्तीचे बिल नव्या गाडीच्या मालकाला येते तेवढेच जुनीच्याही मालकाला येते. दारी हत्ती झुलावा ही हौस कोणाला नसते? पण हत्ती स्वस्तात मिळाला म्हणून तो कमी खात नाही. खरेदीच्या रकमेचा निदान पाचवा हिस्सा पहिल्या दोन वर्षांच्या दुरुस्तीसाठी वेगळा ठेवता येत नसेल, तर हा विचार सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलांच्या शिक्षणासाठी राखलेला पैसा गिअरबॉक्समध्ये जाता कामा नये.

इंधनाचा विचारही घरच्या दिनक्रमावरूनच करावा. थोरला प्रवास वर्षातून दोनदा; एरवी गाडी धावते ती शाळा, बाजार आणि कचेरी यांच्या दरम्यान. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या डिझेल गाड्यांत धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी असते. ती स्वच्छ व्हायला गाडी बराच वेळ तापून धावावी लागते. तीन-तीन किलोमीटरांच्या फेऱ्यांत ती तुंबते. शिवाय दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली निर्बंध घातले, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ते उचलून धरले, आणि २०२५ मध्ये त्याबाबत पुन्हा नवे आदेश झाले. तिकडे राहणाऱ्यांनी खरेदीच्या दिवशीचा नियम पाहूनच पाऊल टाकावे. शहरातल्या कुटुंबाला पेट्रोलच बरे.

सोयरीक जुळवताना कुळ पाहतात, तसा येथे देखभालीचा अखंड लेखा पाहावा. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. '२३१९' म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातील टायर. गाडी फार चाललेली नाही असे सांगितले जाते आणि टायर मात्र दुसऱ्यांदा बदललेले दिसतात, तेव्हा मीटरवर विसंबू नये. २०१५ साली चेन्नईत पूर आला, २०१८ साली केरळात. पाण्यात बुडून निघालेल्या गाड्या दूरच्या प्रांतांत विकल्या जाऊ शकतात. म्हणून सुरक्षापट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. पुसायचा राहून गेलेला गाळ बहुधा तेथेच सापडतो. आणि चालवून पाहायला एकट्याने जाऊ नये. विकणाऱ्याला चालवू द्यावे, आपण मुलांसह मागे बसावे, आणि मुद्दाम गतिरोधकांच्या रस्त्याने जावे. मग जी गाडी चालवणार, त्या गृहिणीच्या हाती चक्र द्यावे. तिचा नकार अंतिम मानावा.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. नोंदणीच्या हस्तांतरासाठी नमुना २९ व ३०, कर्जाचा बोजा उतरवण्यासाठी ३५, आणि गाडी परराज्यातली असेल तर ना-हरकतीसाठी २८. परराज्यातल्या गाडीवर नव्या राज्याचा करही भरावा लागतो. तो किमतीत धरावा. बदलीच्या नोकरीतल्यांसाठी २०२१ साली 'बीएच' नोंदणीमालिका निघाली आहे, तिची चौकशी जरूर करावी. विम्यावर आपले नाव चौदा दिवसांत चढवण्यासाठी अर्ज द्यावा. दावा न केल्याची सवलत जुन्या मालकाबरोबर जाते, गाडीबरोबर येत नाही. आणि श्रोत्यांत माझ्यासारखे केंद्र सरकारचे सेवक असतील, तर १९६४ च्या आचरण नियमांतील १८ वा नियम त्यांना ठाऊक असेलच. किंमत दोन महिन्यांच्या मूळ वेतनाहून अधिक झाली, की महिन्याच्या आत वरिष्ठांना कळवावे लागते; गाडी कोणती ते, आणि पैसा कोठून आणला तेही.