दारू, अंगठा आणि आम्ही जुने
(मढ येथील बैठकीत जुन्या कार्यकर्त्यांच्या वतीने केलेले भाषण)



आम्ही चार म्हातारे गाडीने अंधेरीला उतरलो आणि वर्सोव्याहून होडीत बसून इथं आलो. तुम्ही सांगितलं जमिनीवर बोला. आम्ही म्हटलं, दारूवर बोलतो. तेव्हा मागची पोरं हसली. हसणारच. आम्ही किती प्यायलो ते त्यांनी बघितलंय. मोर्चा संपला की स्टेशनजवळच्या गुत्त्यावर बसायचं, भाड्याचे पैसे तिथंच जायचे, आणि घरी बाई पोरांना पेज पाजून आमची वाट बघत बसलेली. हे लपवून भाषण करायचं तर न केलेलं बरं.

आमच्यातल्या एकाची भातजमीन अशीच गेली. एक शेट रोज संध्याकाळी बाटली घेऊन यायचा, काका-काका करायचा. चौथ्या दिवशी कागद आणला. सकाळी उठून बघतो तर अंगठ्याला शाई! 1974 चा कायदा सांगतो की कलेक्टरच्या परवानगीशिवाय आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकता येत नाही. पण हे आम्हाला कळायच्या आत तिथं कंपाउंड उभं राहिलं. केस अजून चालू आहे. येताना इथल्या बंगल्यांच्या भिंती बघितल्या, तुम्हाला जास्त सांगायला नको.

लोक म्हणतात, दारू आदिवासीच्या रक्तातच हाय. साफ खोटं. ताडी आपली, मोह आपला, पण गुत्ता आपला नाय. इंग्रज सरकारनं 1878 साली अबकारी कायदा केला. घरची भट्टी गुन्हा ठरली, ठेकेदाराच्या दुकानातली दारू मात्र कायदेशीर. ताडाच्या झाडावर कर बसला. 1892 च्या कायद्यानं तर ठाणे-कुलाब्यात मोहाच्या फुलांवरच बंदी आणली. मग दुकानात उधारी, आणि उधारीत शेत. लग्नाचं कर्ज फेडायला माणूस लग्नगडी होऊन राबायचा, आणि त्या कर्जात दारूचा हिस्सा असायचाच. 1945 ला वारल्यांनी वेठ मोडली, लग्नगडी मोडली. गुत्ता तेवढा राहिला.

दारू सोडायची गोष्टही आपल्याकडे नवी नाय. 1921-22 साली पालघरकडच्या किनाऱ्यावर कोळी गावांत देवी अंगात येऊ लागली. दारू सोडा, अंग स्वच्छ ठेवा, असं ती सांगायची. तिथून ती डोंगरात चढली आणि पार सुरतपर्यंत गेली. दारूवाले घाबरले. नंतर बरेच जण परत प्यायला लागले हेही खरं. मग 1972 च्या सुमारास शहाद्याला जमिनीची आणि मजुरीची लढाई चालू असताना भिल्ल बाया गुत्त्यावर गेल्या आणि मडकी फोडली. त्या कुणाच्या सांगण्याची वाट बघत बसल्या नाहीत.

आता आमचं. चौघांपैकी दोघांची सुटली. दोघांची कमी झाली, सुटली म्हणणार नाही. बैठकीच्या दिवशी घ्यायची नाही, उधारीवर घ्यायची नाही, मजुरी आधी बाईच्या हातात. आणि दिवस मावळल्यावर कुठल्याच कागदावर अंगठा नाही. एवढं ठरवलं आणि एकमेकांवर नजर ठेवली. एकट्यानं आमच्यात कुणालाच जमलं नसतं. देवाला धार सोडायची ती सोडा, आम्ही नको म्हणत नाही. पण द्रोणातली धार देवाची, मागचा हंडा देवाचा नव्हे, तो आपण देवाच्या नावावर पितो.

एक मात्र ध्यानात ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्यानं एका झटक्यात बंद करू नये. आमच्यातल्या एकानं जोशात सोडली. तिसऱ्या दिवशी हात कापायला लागले, नसलेली माणसं दिसायला लागली, मग फिट आली. आम्ही आधी भगताकडे नेलं, त्यात रात्र गेली. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला असता तर जीव गेला असता. अशानं आधी दवाखान्यात विचारावं. त्यात लाज कसली?

उद्या सकाळी आठला सातबारे बघायचे आहेत. ज्यांच्याकडे जुन्या पावत्या असतील त्यांनी त्याही आणा. कुणी पिऊन आलं तर त्याचा कागद आम्ही उघडणार नाही, आधीच सांगून ठेवतो.