बोलणाराचा हेतु आणि ऐकणाराचें दुःख

कडक शिस्तीच्या हेडमास्तराला मुलांनीं पाठीमागें ‘हिटलर’ म्हणावें, ही बुलढाण्या-मेहकराकडे कांहीं नवलाची गोष्ट नव्हे. त्यांत राग असतो, थोडें कौतुकहि असतें. ज्यूंचा द्वेष मात्र नसतो. त्या मनुष्याच्या राजवटींत ज्या समाजाचीं सुमारें ६० लाख माणसें मारलीं गेलीं, त्यांतला कोणी त्या वर्गांत बसलेला नसतो; म्हणून शब्दाची धार कोणाला लागत नाहीं. पण श्रोतेहो, तोच शब्द भर रस्त्यावरच्या पाटीवर चढला म्हणजे?

२००६ सालच्या ऑगस्टांत नव्या मुंबईंतील खारघर येथें ‘हिटलर्स क्रॉस’ या नांवाचें उपाहारगृह निघालें. नांवाबरोबर नाझी स्वस्तिक आणि त्या हुकूमशहाची तसबीर. मुंबईचे ज्यू नागरिक व्यथित झाले. मालकाचें म्हणणें असें कीं, नांव लोकांच्या नजरेंत भरावें एवढाच उद्देश. कोणाचा उपमर्द करण्याचें मनांतहि नव्हतें. तें खोटें मानण्यास कारण नाहीं. आपल्या दारावर स्वस्तिक शुभचिन्ह म्हणून काढतात, आणि युरोपांतील त्या संहाराचा इतिहास शाळेंत घाईघाईनें आटोपला जातो. (यांत मास्तरमंडळींचाहि दोष आहेच!)

उलट, कोंकणांतील बेने इस्रायल लोकांना शेजारी ‘शनिवार तेली’ म्हणत. धंदा तेल गाळण्याचा आणि शनिवारीं घाणा बंद, एवढाच त्याचा अर्थ. याच मराठी बोलणाऱ्या लोकांपैकीं पुष्कळजण पुढें इस्रायलांत गेले. तेथें १९६२ सालीं प्रधान धर्मगुरूंच्या पीठानें त्यांच्या विवाहापूर्वीं पूर्वजांची चौकशी करण्याचा आदेश काढला. हेतु धर्मशास्त्र पाळण्याचा. पण ज्यांच्या कुळावर संशय आला त्यांना तो अपमानच वाटला. जेरुसलेमांत त्यांनीं धरणें धरलें, आणि १९६४ सालीं आदेशांतून त्यांच्या समाजाचा उल्लेख काढावा लागला. शेजाऱ्यांच्या टोपणनांवानें जें झालें नाहीं, तें स्वधर्मीयांच्या शुद्ध हेतूनें झालें!

कायदा मात्र हेतूकडेच पाहतो. १९२७ सालीं दंडसंहितेंत घातलेलें २९५-अ कलम बुद्धिपुरस्सर व दुष्ट हेतूनें केलेला धर्माचा अपमानच शिक्षापात्र मानी. अजाणतां वा निष्काळजीपणानें झालेला अपमान त्यांत येत नाहीं, असा निर्वाळा १९५७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें दिला. २०२३ च्या न्याय संहितेंतहि ती अट कायम आहे. हें योग्यच. नुसत्या दुःखावरून तुरुंग ठरूं लागला, तर ज्याचा आक्रोश मोठा त्याचेंच राज्य होईल. परंतु शिक्षा न होणें म्हणजे निर्दोष ठरणें नव्हे. अजाण माणसाचा पहिल्या दिवशींचा हेतु निर्मळ असेल. पण दुसऱ्याचें दुःख कानावर आल्यावरहि पाटी तशीच ठेवली, तर हेतु पूर्वींचाच राहिला असें कोण म्हणेल?

खारघरचा मालक प्रथम अडून बसला. मग ज्यू समाजाच्या मंडळींची आणि त्याची भेट झाली, आणि थोड्याच दिवसांत त्यानें नांव बदलण्याचें कबूल केलें. पाटीवरचा ‘हिटलर’ गेला, ‘क्रॉस’ तेवढा राहिला.