शेवटच्याची पहिली पाळी
(दहावी मार्च १९९७ तुकड्यांच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय, ‘परदेशातील माझे अनुभव’. हा विषय ऐकला की समोरचे निम्मे लोक चहाकडे बघायला लागतात, हे मला माहीत आहे. म्हणून मी कॅनडातल्या बर्फाबद्दल आणि पगाराबद्दल काही बोलणार नाही. मी एका खेळाबद्दल बोलणार आहे. शाळेच्या मैदानावर मला कुणी कधी संघात घेतलं नाही, ती मी आज खेळावर बोलते आहे. पी.टी.च्या सरांनी हसायला हरकत नाही.

आपल्याकडे गडी वाटायची पद्धत आठवते ना? दोन कॅप्टन समोरासमोर उभे. एक म्हणणार, ‘हा माझा’, दुसरा म्हणणार, ‘मग ती माझी’. असं करत करत शेवटी एक जण उरायचा. दोघांनाही तो नको असायचा. मग तडजोड व्हायची, ‘असू दे, कच्चा लिंबू म्हणून घे.’ खो-खोत, लंगडीत, डबा ऐसपैसमध्ये मी पाचवी ते सातवी कच्चा लिंबू होते. बाद झाले तरी चालायचं, कारण मोजलंच जायचं नाही.

मी कॅलगरीला राहते. तिथे दरवर्षी एप्रिलच्या अखेरीला किंवा मेच्या सुरुवातीला हेच गडी वाटणं टीव्हीवर चालतं. कॅनेडियन फुटबॉल लीग नावाची व्यावसायिक स्पर्धा आहे, १९५८ पासूनची. फुटबॉल म्हणजे आपला गोल चेंडूचा नव्हे. लांबट चेंडू, डोक्यावर शिरस्त्राण, अंगावर चिलखत आणि धडाधड टकरा. अमेरिकन फुटबॉलचा हा भाऊच म्हणायचा, पण स्वभाव वेगळा. यात अकराऐवजी बारा खेळाडू असतात, मैदान मोठं असतं, आणि दहा यार्ड पुढे जायला चारऐवजी तीनच संधी मिळतात. संघ सगळे मिळून नऊ. पश्चिमेला व्हँकुव्हरपासून पूर्वेला मॉन्ट्रियलपर्यंत. विजेत्याला ग्रे कप मिळतो, तो तर लीगपेक्षाही जुना, १९०९ चा.

या नऊ संघांनी विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्या कॅनेडियन मुलांची निवड करायची, त्याला ड्राफ्ट म्हणतात. हल्ली आठ फेऱ्या होतात, म्हणजे सत्तरच्या आसपास मुलांची नावं पुकारली जातात. तुम्हाला आयपीएलचा लिलाव माहीत आहे, पण हा लिलाव नाही. इथे बोली लागत नाही. ज्याची पाळी, त्याने नाव घ्यायचं, आणि मुलाने त्याच संघाकडे जायचं. आता पाळी कशी लावतात ते ऐका, कारण माझं सगळं भाषण त्यावरच आहे. गेल्या हंगामात जे संघ तळाला होते, त्यांची पाळी आधी. ग्रे कप जिंकणारा संघ सर्वांत शेवटी.

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, माझी ऐकण्यात काही चूक झाली.

कारण मी वाढले त्या जगात याच्या बरोबर उलट होतं. बारावीनंतर इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला गेले होते, वडील बरोबर होते. मेरिट लिस्टमधला पहिला आत जाणार, हवं ते कॉलेज घेणार, मग दुसरा, मग तिसरा. आमचा नंबर येईपर्यंत जागा एकेक करून संपत होत्या आणि वडील दर दहा मिनिटांनी कागदावर काही तरी खोडत होते. तिथे ज्याच्याकडे जास्त, त्याची पाळी आधी. त्यात अन्याय आहे असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही पूर्णपणे वाटत नाही. अभ्यास त्याने केलेला असतो. पण दुसऱ्याही पद्धतीने रांग लावता येते, हे मात्र मला चाळिशीत, शेजाऱ्यांच्या तळघरात टीव्हीसमोर बसून कळलं.

अशी रांग लावण्यात दानधर्म काही नाही. हिशोब आहे. एकच संघ दरवर्षी जिंकू लागला तर बाकीच्या आठ गावांतले लोक तिकीट काढणार नाहीत, आणि मग जिंकणाऱ्यालाही खेळायला कुणी उरणार नाही. म्हणून तळातल्याला हात द्यायचा. त्यातही पळवाटा असतात. संघ आपली पाळी दुसऱ्याला विकतात, म्हणजे चांगल्या खेळाडूच्या बदल्यात देऊन टाकतात. पूर्वी संघांना आपल्या भागातली काही मुलं ड्राफ्टच्या आधीच राखून ठेवता येत. आपल्या ७०:३० सारखंच! ज्याच्या भागात मोठी विद्यापीठं, त्याची चंगळ. पुढे ती पद्धत मोडीत काढली.

आणि २०२१ ची गंमत ऐका. २०२० चा हंगाम कोविडमुळे झालाच नाही. मग तळाला कोण आणि वर कोण, ठरवणार कसं? त्यांनी चिठ्ठ्या काढल्यासारखी सोडत काढली, हॅमिल्टनला पहिला नंबर लागला. आणि फेऱ्या नागमोडी केल्या. पहिल्या फेरीत एक ते नऊ, दुसरीत नऊ ते एक, परत एक ते नऊ. आम्ही संगणकवाले असल्या गोष्टींवर फार खूश होतो. पण खरं सांगायचं तर आमच्या वाड्यातल्या मुली ही नागमोडी पद्धत १९८८ सालीच वापरत होत्या.

संगणकावरून आठवलं. माझं आयुष्य याद्या दुरुस्त करण्यात गेलं. विदा म्हणजे डेटा, तो साफ करायचा, जुळवायचा. त्यामुळे या लीगची एक गोष्ट मी ऑफिसात नव्याने आलेल्या प्रत्येकाला सांगते. १९९६ च्या ड्राफ्टमध्ये मॉन्ट्रियलने एका मुलाचं नाव पुकारलं. तो आदल्या डिसेंबरमध्येच कर्करोगाने वारला होता. आणि हे पहिल्यांदा घडत नव्हतं. आदल्या वर्षी लास व्हेगसचा संघ बंद पडला, त्याचे खेळाडू बाकीच्यांनी वाटून घेतले, तेव्हा ओटावानेही असंच एका मृत खेळाडूचं नाव घेतलं होतं. लोक याला विनोद म्हणून सांगतात. मला कधी हसू आलं नाही. त्या आईवडिलांनी ते नाव ऐकलं असेल तर? यादीत नाव असतं, उंची, वजन, धावण्याचा वेळ असतो. माणूस आहे की नाही, हे बघायला कुणी तरी एक फोन करावा लागतो.

आता त्या तळघराकडे येते. आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा विद्यापीठाच्या संघात होता. पुढच्या फळीतला, म्हणजे ज्यांचं काम फक्त आडवं उभं राहून दुसऱ्याला अडवणं. वजन १३५ किलो, स्वभाव अगदी गोगलगाय. कॅनेडियन मुलांना तिथे भाव असतो, कारण लीगचा नियम आहे की सुरुवातीला मैदानात उतरणाऱ्यांत ठरावीक कॅनेडियन हवेतच, बरीच वर्षं हा आकडा सात होता. आयपीएलमध्ये चारच परदेशी, त्यातलाच प्रकार. नाही तर अमेरिकेतून इतके खेळाडू येतील की घरच्या मुलांना जागा उरणार नाही. पुढच्या फळीत कॅनेडियन मुलं पुष्कळ घेतात, त्यामुळे घरात आशा होती. चाचणी शिबिरात त्याने १०२ किलोचा दांडा बऱ्याच वेळा उचलला होता. मी बटाटेवडे करून नेले होते. त्याने अकरा खाल्ले.

पहिल्या फेरीत नाव येणार नाही हे सगळ्यांनाच माहीत होतं. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला त्याचे वडील उभे राहिले. पाचव्या फेरीनंतर खोलीत कुणी बोलेना. सहावी, सातवी. फोन त्याच्या मांडीवर होता आणि तो फोनकडे न बघण्याचा प्रयत्न करत होता. आठव्या फेरीचं शेवटचं नाव झालं आणि त्याच्या आईने टीव्ही बंद न करता नुसता आवाज बंद केला. मला एकदम आपलं मैदान आठवलं. दोन कॅप्टन, आणि मध्ये उरलेली मी.

दुसऱ्या दिवशी एका संघाचा फोन आला, ड्राफ्टबाहेरून सराव शिबिराला ये म्हणून. तो गेला. अखेरच्या छाटणीत परत आला. पण तिथली एक सोय मला फार आवडते. असा परत आलेला मुलगा, त्याची वर्षं शिल्लक असतील तर, पुन्हा विद्यापीठाच्या संघातून खेळू शकतो. तो सप्टेंबरमध्ये वर्गात बसला, पदवी पुरी केली. दार बंद झालं नाही.

याद्या कुठे चुकतात याची उदाहरणं तिथल्या माणसांना तोंडपाठ आहेत. अँड्र्यू हॅरिस विद्यापीठात गेलाच नाही, म्हणून त्याचं नाव ड्राफ्टमध्ये कधी आलंच नाही. ज्युनियर संघातून तो वर आला. २०१९ मध्ये त्याच्या गावाने, विनिपेगने, १९९० नंतर पहिल्यांदा ग्रे कप जिंकला, आणि सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूची आणि सर्वोत्तम कॅनेडियन खेळाडूची, अशी दोन्ही बक्षिसं त्याने नेली. ब्रॅड सिनोपोली ओटावा विद्यापीठाचा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा सूत्रधार. २०१० मध्ये देशातला सर्वोत्तम विद्यापीठ खेळाडू ठरला, तरी ड्राफ्टमध्ये चौथ्या फेरीपर्यंत थांबला. कारण ठरावीक कॅनेडियन खेळाडूंच्या त्या हिशोबात सूत्रधाराची जागा धरतच नसत. कॅनेडियन सूत्रधार घडवून संघाला फायदा काय? मग त्याने जागा बदलली, चेंडू फेकायचा सोडून झेलायला लागला आणि वर्षातला सर्वोत्तम कॅनेडियन खेळाडू दोनदा झाला. सूत्रधारांचा तो नियम अलीकडे बदलला. नियम लिहिणाऱ्यांनी काय मोजायचं ठरवलं, त्यावर किती मुलांनी आपली आवड सोडली असेल!

आणि एक डॉक्टर. लॉरां दुव्हर्ने-तार्दिफ. मॅकगिल विद्यापीठात वैद्यकीय शिकत असताना खेळायचा. २०१३ मध्ये कॅलगरीने, आमच्या गावाने, त्याला तिसऱ्या फेरीत निवडलं. तो पुढच्या वर्षी अमेरिकेत कॅन्सस सिटीला गेला. खेळता खेळता डॉक्टर झाला. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याने सुपर बोल जिंकला आणि त्याच वर्षी कोविड आला म्हणून खेळ सोडून क्वेबेकमधल्या वृद्धांच्या निवासी केंद्रात कामाला लागला. आमचं गाव त्याच्या नावावर अजूनही थोडं मिरवतं. खेळला आमच्याकडून एकही सामना नाही, तरी!

आता आपल्याकडे. आपल्या शाळेत अ, ब, क, ड अशा तुकड्या होत्या आणि त्या मार्कांनी लावलेल्या होत्या. गणिताचे सगळ्यांत चांगले सर अ-ला. प्रयोगशाळेचा पहिला तास अ-ला. ड-ला ऑफ तास. बाईंनो, सरांनो, मी तक्रार करत नाही. तुम्हाला निकाल लावायचा होता, आणि निकालासाठी शिक्षक कुठे लावायचे याचा तुमचाही हिशोबच होता. मी आठवीपर्यंत ड-मध्ये होते, हे इथे बऱ्याच जणांच्या लक्षातही नसेल, कारण दहावीच्या फोटोत मी अ-मध्ये आहे. नववीच्या उन्हाळ्यात एका बाईंनी मला रोज सकाळी सात वाजता घरी बोलावून बीजगणित शिकवलं. का, ते त्यांनी सांगितलं नाही. मी एकटी नव्हते, आम्ही दोघी होतो. दुसरीचं घर लांब होतं, तिची सातची एस.टी. चुकायची. पंधरा दिवसांनी ती यायची थांबली. नंतर शाळेतूनही थांबली.

आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटात आज ९३ जण आहेत. मी काल रात्री बसून मोजलं, सवयच ती. त्यात अ-चे ३८ आहेत. ड-चे सहा, मला धरून. मंडपात बघा.

दुपारी निधीची बैठक आहे. पावणेदोन लाख जमलेत असं खजिनदार म्हणाले. ठराव असा आहे की दरवर्षी दहावीत पहिल्या तीन येणाऱ्यांना रोख बक्षीस द्यायचं. माझा या ठरावाला विरोध आहे आणि तो मी इथे उघडच नोंदवते, म्हणजे नंतर मागून बोलली असं व्हायला नको. पहिल्या तिघांना क्लासवाले बक्षीस देतात, पतसंस्था देते, नगरसेवक देतात, त्यांच्या फोटोचे फ्लेक्स लागतात. आपल्या पैशातून नववीच्या शेवटच्या तुकडीला आधी विचारावं. गणिताला कोण शिक्षक हवेत, सकाळी की संध्याकाळी, एस.टी. चुकते तर काय करायचं. त्यांनी निवडावं, आपण पैसे द्यावे. पैसे उरले तर बक्षिसं द्या, मी टाळ्या वाजवीन. मुख्याध्यापकांशी मी बोलले आहे, वर्गखोली सकाळी साडेसहाला उघडून द्यायची त्यांची तयारी आहे.

आणखी एकच. कार्यालयातल्या बाईंनी जुना हजेरीपट काढून दिला. त्यावरून आपल्या वेळच्या ड तुकडीतली ४७ नावं मी मोठ्या अक्षरात लिहून आणली आहेत. चहाच्या टेबलाशेजारच्या भिंतीवर कागद लावलाय. ज्याला ज्याचा फोन नंबर, गाव, सासरचं नाव, काहीही माहीत असेल, त्याने समोर लिहा. कुणी आता नसेल तर तेही लिहा. पेन दोऱ्याने बांधून ठेवलंय, खिशात घालून नेऊ नका.