जेजुरीचा खंडोबा: सगळ्यांचा देव

आज आपण जाऊ या जेजुरीला, खंडोबाच्या गडावर.

जेजुरी पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यात आहे.
खंडोबा हा शंकराचा अवतार.
मणी आणि मल्ल या दैत्यांचा त्याने संहार केला, अशी कथा आहे.
म्हणून तो मल्हारी.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा.
खंडोबा हा सगळ्यांचा देव आहे.

त्याची एक पत्नी म्हाळसा, वाण्याची लेक.
दुसरी बाणाई, धनगराची लेक.
धनगर, शेतकरी, कोळी, रामोशी, ब्राह्मण…
कितीतरी घराण्यांचा तो कुलस्वामी.
मुस्लीम भाविक त्याला मल्लूखान म्हणतात.

गडाच्या वाटेवर दगडी दीपमाळा आहेत.
नवी जोडपी लग्नानंतर इथे दर्शनाला येतात.
नवरा नवरीला उचलून काही पायऱ्या चढतो.

वर पोहोचलं, की भंडारा उधळायचा.
भंडारा म्हणजे हळदीची पूड.
आणि मोठ्याने म्हणायचं,
येळकोट येळकोट, जय मल्हार!

मार्गशीर्षात चंपाषष्ठी येते.
देवाला वांग्याचं भरीत आणि रोडगा यांचा नैवेद्य असतो.
सोमवती अमावस्येला पालखी कऱ्हा नदीवर स्नानाला जाते.
दसऱ्याला तरुण देवाचा जड खंडा, म्हणजे तलवार, उचलून दाखवतात.

गडावरून आणखी वर गेलं, की कडेपठार लागतं.
ते खंडोबाचं जुनं स्थान. पाय साथ देत असतील, तर तिथेही जरूर जा.

पुन्हा सांगते, श्रोतेहो.
खंडोबा हा सगळ्यांचा देव आहे.
जेजुरीला गेलात, की शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी भाविकालाही भंडारा लावा.
तिथली रीतच तशी आहे.