पश्चिमेची खिडकी

(विहारात वर्षावासाच्या काळात झालेल्या भाषणावरून)



समितीने मला धम्मावर बोला म्हणून सांगितलं होतं. मी बोलणार आहे खिडकीवर. हसू नका. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात निवासस्थानांवर एक सबंध प्रकरण आहे. तेथे भगवंतांनी विहाराला तीन तऱ्हेच्या खिडक्यांची अनुज्ञा दिली आहे. कठड्याची, जाळीची आणि गजांची. पुढे पडदा आणि झडपासुद्धा मंजूर केल्या. सब्बासव सुत्तात तर निवास कशासाठी वापरावा हेच सांगितलं आहे. थंडी, ऊन, वारा, डास-माश्या यांपासून बचाव व्हावा म्हणून. शोभेचं तेथे नावही नाही.

आणि मी खिडकी बदलली ती शोभेसाठी ! मुलाच्या लग्नात पश्चिमेच्या खोलीच्या जुन्या सागवानी झडपा काढल्या आणि सरकत्या काचेची ॲल्युमिनियमची खिडकी बसवली. दिसायला झकास. मिस्त्री म्हणाला, काका, आता रंगाची कटकट नाही. त्या खोलीत आमची आई झोपायची. पहिल्याच मे महिन्यात तिला चक्कर आली, तोंड कोरडं पडलं, बोलणं असंबद्ध झालं. दवाखान्यात सलाईन लावावं लागलं. डॉक्टरांनी विचारलं, आजी दुपारी कुठल्या खोलीत असतात ?

मी बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या भिंती मोजल्या, पण आपल्या घरात ऊन कुठून येतं हे पाहिलं नव्हतं. मग हिशेब केला. चार बाय पाचची खिडकी, साधी काच, मे महिना, दुपारचे साडेतीन-चार. अशा खिडकीतून आत येणारी उष्णता ढोबळमानाने हजार वॉटच्या विजेच्या शेगडीएवढी भरते. म्हणजे मी आईच्या उशाशी शेगडी पेटवून ठेवली होती, आणि ती विझवायला कूलर लावला होता.

घरात पडदा होता ना, असं तुम्ही म्हणाल. होता, चांगला जाड होता. पण पडदा आतून. ऊन काच ओलांडून आत आलं की पडदा तापतो आणि ती धग खोलीतच राहते. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत बसून पाहा, म्हणजे काच काय करते ते कळेल. ऊन अडवायचं ते काचेच्या बाहेर. जुनी लाकडी झडप नेमकं हेच करीत होती. शिवाय दोन झडपांची खिडकी पूर्ण उघडते, सरकती खिडकी फार तर अर्धी. रात्रीचा गार वारा निम्मा मी माझ्या हातानेच बंद केला.

छज्जाबद्दल एक गैरसमज आहे. आपल्या नागपुरात मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, काठीची सावली पायाशी पडते. तेव्हा दक्षिणेच्या खिडकीला दीड फुटाचा छज्जा पुरतो. पण तिसऱ्या प्रहरी सूर्य पश्चिमेला खाली उतरतो आणि छज्जाच्या खालून सरळ आत शिरतो. तेथे आडवा छज्जा कामाचा नाही, उभी आडोशाची वस्तू पाहिजे. बुरडाकडून बांबूचा तट्टा आणा, खिडकीपासून वीतभर अंतरावर बाहेरून टांगा. मधून हवा खेळली पाहिजे, काचेला चिकटवू नका. तट्टा नसेल तर हिरवी जाळी दुहेरी करून लावा. जागा असेल त्याने पश्चिमेला वेल चढवावा. पण वेलाला वेळ लागतो, उन्हाळा थांबत नाही.

ज्यांच्या घरी जुन्या झडपा अजून आहेत त्यांना हात जोडून सांगतो, काढू नका. सुताराला बोलवा, बिजागऱ्या बदला, फटी बुजवा. आतून डासांची जाळी मारा, म्हणजे रात्री उघड्या ठेवता येतील. आणि वरचं रोशनदान ! वर्तमानपत्र चिकटवून किती जणांनी बंद केलं आहे ? तापलेली हवा वर जाते, तिची वाट तीच आहे.

कूलरचं थोडक्यात. कूलरसमोरची खिडकी थोडी उघडी पाहिजे. सगळं बंद करून कूलर चालवला तर खोली दमट होते, अंग चिकचिकतं, आणि आपण कूलरला दोष देतो. एसी असेल तर मात्र उलट, फटी बुजवल्याच पाहिजेत.

ही किरकोळ गोष्ट नव्हे. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत उष्णतेने शेकडो माणसं दगावली, तेव्हा २०१३ साली त्या शहराने उन्हाळ्यासाठी आराखडा केला. विजेच्या बिलातही युनिट वाढले की पुढच्या टप्प्याचा दर चढतो. दुसरा कूलर घेणाऱ्याने तेही मोजावं. आणि आपली पोरं ! बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं, पण मे महिन्यात परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलीला दुपारी टेकायला एक तरी थंड कोपरा घरात आहे का ? स्वयंपाकघरात तर आपण खिडकीकडे पाहतच नाही, कारण तेथे आपण उभे नसतो.

मी आमच्या सरकत्या खिडकीवर बाहेरून लाकडी झडपा पुन्हा बसवल्या. जुन्या विकून टाकल्या होत्या. नव्या महाग पडल्या. आई आता त्या खोलीत दुपारी झोपते.

आपल्या या सभागृहाच्याही पश्चिमेला तीन उघड्या काचा आहेत, वयस्क उपासिका नेमक्या तेथेच बसतात. पुढच्या रविवारी वंदनेनंतर मी मोजायची टेप घेऊन येतो. एका सुताराशी बोललो आहे. दोन-चार तरुणांनी थांबावं. जयभीम, नमो बुद्धाय.