आपल्या आवारातले बिनभाड्याचे रहिवासी
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



बच्चेकंपनी मला 'पक्षीवाल्या काकू' म्हणते, म्हणून सेक्रेटरींनी दोन शब्द बोलायला सांगितलं. मी तज्ज्ञ नाही. निवृत्तीनंतर गुडघ्यांसाठी सकाळी फिरायला लागले. गेटजवळच्या गुलमोहरावर 'टुक टुक' कोण करतं, हे शोधताना पक्ष्यांच्या नादी लागले. तो होता तांबट. चिमणीएवढा, हिरवा, कपाळावर लाल टिळा. मग दुर्बीण आली, ठाण्याच्या खाडीवरचे रोहित पाहून झाले आणि एका मैत्रिणीबरोबर जखमी पक्ष्यांच्या केंद्रात रविवारी मदतीला जाऊ लागले.

संक्रांतीच्या दिवसांत तिथे मांजाने पंख कापलेल्या घारी येतात. पिसं पुन्हा येतात हो, पण स्नायू तुटला तर घार बहुधा पुन्हा उडत नाही. नायलॉन मांजावर बंदी आहे, तरी तो येतोच.

उन्हाळ्यात खोक्यांतून पिल्लं येतात. त्यांतली बरीच जखमी नसतातच! उडायला शिकणारी बुलबुलाची, दयाळाची पिल्लं जमिनीवर उतरतात. आईबाप जवळपास असतात. आपण दयेपोटी उचलतो आणि त्यांना पोरकं करतो. काही पिल्लं मात्र तोडलेल्या फांदीवरच्या घरट्यातली असतात. तेव्हा पटलं, की उपचार हा शेवटचा उपाय. पक्षी जगतो तो झाडामुळे.

तांबट वाळक्या फांदीत चोचीने बीळ कोरून अंडी घालतो. आपल्याला जो कचरा वाटतो, तो त्याचा फ्लॅट. गेल्या वर्षी कमिटीने छाटणीआधी मला बोलावलं. रस्त्यावरच्या धोक्याच्या फांद्या काढल्या, मागच्या भिंतीकडची एक वाळकी ठेवली. यंदा मार्चमध्ये तिथे तांबटाने बिऱ्हाड केलं. कमिटीचे मनापासून आभार.

आता तीन विनंत्या. छाटणीआधी घरटी बघूया. धडधाकट पिल्लू दिसलं तर मांजर-कुत्र्यापासून लांब, जवळच्या झुडपात ठेवूया. पक्षी खरंच जखमी असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा, दूध-पाणी पाजू नका आणि वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा.

रिडेव्हलपमेंटची चर्चा सुरू झालीय. प्रत्येकाला मोठं घर हवंय, मलाही हवंय. पण पहिल्या सभासदांनी हाताने लावलेली ही झाडं नव्या प्लॅनवर आधी दाखवा, मग पार्किंग आखा. नवा टॉवर तीन वर्षांत उभा राहील. असा गुलमोहर व्हायला पंचवीस वर्षं लागली.